गेले इतके, आले शून्य

अ‍ॅलन आल्मेदाने तो तक्ता आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, आणि तोही केवळ अहवालाचं एक पान कमी पडत होतं म्हणून. मार्च महिना, दोन हजार नऊ साल, सकाळचे दहा, सावंतवाडीच्या तळ्याकाठची कचेरी. राऊटरला नेहमीचा प्रश्न टाकायचा, राऊटर नेहमीचं उत्तर देणार की टनेल चालू आहे, तेवढ्या दोन ओळी बघायच्या आणि पडद्यावरची खिडकी मिटायची, ही त्याची साडेपाच महिन्यांची रीत. एखाद्याला ‘बरा आहेस ना?’ विचारून उत्तर यायच्या आत पुढे जावं, तशी. पण कंपनीच्या मॅनेजरना, म्हणजे सगळे ज्यांना नुसतं भाई म्हणत त्यांना, अहवालात आकडे लागायचे. आकड्यांशिवायचं पान भाई वाचत नसत, आणि आकड्यांचं पानही वाचत नसत, पण तिथे सही करत. म्हणून अ‍ॅलन त्या दोन ओळींच्या खाली उतरला. खाली रेडी बंदराच्या कचेरीशी चाललेल्या देवाणघेवाणीचे दोन रकाने होते. रेडीकडे गेलेली माहितीची पाकिटं : तीस हजार दोनशे चाळीस. रेडीहून आलेली पाकिटं : शून्य. पडद्यावर काही चिकटलंय असं वाटून त्याने अंगठ्याने ते शून्य पुसलं. मग पुन्हा विचारलं. गेली तीस हजार दोनशे एक्केचाळीस, आली शून्य. तो घड्याळाकडे बघत थांबला. मिनिटभराने गेली बेचाळीस, आली शून्य.

कंपनीचं काम साधं. गोव्याकडून आणि वरच्या खाणींवरून लोहखनिज भरून ट्रक रेडीच्या बंदरावर यायचे, तिथल्या वजनकाट्यावर चढायचे, उतरायचे, आणि माल बार्जमध्ये पडायचा. कुठला ट्रक, किती वाजता, किती टन, हे सावंतवाडीच्या कचेरीला त्याच दिवशी कळायला हवं. त्यासाठी अ‍ॅलनने दोन्हीकडे एकेक राऊटर बसवून इंटरनेटच्या उघड्या रस्त्याखालून दोन कचेऱ्यांचा खाजगी, कुलूपबंद रस्ता काढला होता. पुस्तकात त्याला व्हीपीएन टनेल म्हणतात. रेडीच्या काट्यावरचे दाजी त्याला भुयार म्हणायचे, आणि दाजी म्हणायचे म्हणून सगळेच म्हणायचे. सावंतवाडीतला एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला त्या भुयारातून हाक मारायचा, आहेस का? रेडीने म्हणायचं, आहे. एकवीस दिवसांपूर्वी वीज जाऊन राऊटर नव्याने सुरू झाला होता, आणि एकवीस दिवसांची मिनिटं तीस हजार दोनशे चाळीस होतात हे अ‍ॅलनने कॅलक्युलेटरला हात न लावता काढलं. म्हणजे बरोबर एकवीस दिवस, एकही मिनिट न चुकवता, आहेस का, आहेस का, आहेस का. आणि एकदाही, आहे, असं नाही.

आणि तरी शेजारच्या पडद्यावर कालचे एकशे सत्त्याऐंशी ट्रक ओळीने उभे होते. टनांसकट, वेळेसकट.

त्याने मान वळवली. पलीकडच्या टेबलावर सत्यवती बसली होती, रोज बसते तशी. टेलिफोनचा रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला, मान वाकडी, दोन्ही हात कीबोर्डवर. साडेपाच महिने रोज सकाळी त्याने हे चित्र पाहिलं होतं आणि साडेपाच महिने मनातल्या मनात सत्यवतीच्या खात्यावर ‘गजाली’ असं लिहून ठेवलं होतं. रेडीच्या काट्यावरच्या आनंदीशी गजाली, रिकाम्या गप्पा. तो तिला चिडवायचाही. ‘आज काय, आनंदीच्या म्हशीन काय केल्यान?’ ती हसायची. आता त्याला दिसलं की बोलताना सत्यवती बोलत नव्हती. ती ऐकत होती, आणि बोटं चालत होती.

‘सत्यवती,’ तो म्हणाला, ‘हे ट्रक खंयसून इले?’

‘रेडीसून.’

‘रेडीसून कसे?’

तिने रिसीव्हरवर हात ठेवला. त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पडद्याकडे, आणि तिच्या तोंडावरचं हसू असं काही उतरलं, की जणू दोरीवरचं कापड कोणी काढून नेलं. ‘आनंदी,’ ती फोनमध्ये अगदी हळू म्हणाली, ‘तेका कळला गो.’ पलीकडून काय उत्तर आलं ते अ‍ॅलनला ऐकू आलं नाही, पण ते लांबलचक नव्हतं.

मग सत्यवतीने सांगितलं. तिला सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत, आणि अ‍ॅलनला वाटलं साडेपाच महिने इतक्या थोड्या वेळात मावतात कसे. आनंदी वाचता, मी मारतंय. पहिल्या दिवसापासना? नाय, पयल्या दिवशी भुयार चल्लेला, तुज्या समोर चल्लेला मू. दुसऱ्या दिवसापासना. सगळे ट्रक? सगळे. एकय चुकूक नाय? ‘एकदा,’ सत्यवती म्हणाली, ‘आनंदी दोन दिस तापान पडलेली. थय कोण वाचूक नव्हता. मगे मीच अंदाजान घातलंय. मेल्या, असो काय बघतंस? साधारण ठावक झाल्ला माका, कितके येतत ते. ती उठली तेव्हा तिका इचारून सगळा सुधारलंय. फक्त चार ट्रकांचो फरक पडलो.’ हे तिने काहीशा अभिमानाने सांगितलं.

अंदाजान घातलंय. हा शब्द अ‍ॅलनच्या डोक्यात गेला आणि तिथे ज्या जागी जाऊन पडला ती जागा कचेरीतली नव्हती. ती त्याच्या भाड्याच्या खोलीच्या दारातली होती. तिथे दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आरोंद्याहून एसटीने त्याची आई यायची. कोन्सेसांव आल्मेदा, काखेत फडक्यात बांधलेले पाव, पदराला घामाचा आणि यीस्टचा वास. उंबऱ्यावरच बसून ती निरोप द्यायची. पापान सांगल्यान हा, पंख्याखाली निजा नको. पापा इचारता, जेवण बरां गावता मू. पापान सांगल्यान, गाडी हळू मार. गेल्या सहा वर्षांत बापाने मुलाशी आणि मुलाने बापाशी समोरासमोर एक शब्द काढला नव्हता, पण निरोप चालू होते, त्यामुळे अ‍ॅलनच्या हिशेबात बाप जमेच्या बाजूला होता. डिसेंबरात नाताळाआधी आई गेली. दफनाला बाप आणि मुलगा खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. त्यानंतर निरोप बंद झाले. अ‍ॅलनने त्याचं कारण लिहून टाकलं : दुःख. म्हाताऱ्याला बसलाय धक्का, होईल बोलता. आज, आत्ता, सत्यवतीच्या टेबलापाशी, कोऱ्या उजेडात त्याला ते निरोप पुन्हा ऐकू आले, आणि ऐकू आलं की त्यातला एकही बापाचा नव्हता. पंख्याखाली निजू नको असं कोण म्हणतं? पावाच्या भट्टीच्या तोंडाशी तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, वाऱ्यासाठी जीव टाकणारा, तो म्हणेल पंख्याखाली निजू नको? ते वाक्य आईचं. सगळीच वाक्यं आईची. साधारण ठावक झाल्ला तिका.

अहवाल टेबलावर तसाच होता. संध्याकाळी पाचला भाईंच्या हातात तो द्यायचा होता, कारण इन्सुलीच्या चेकपोस्टजवळ कंपनीची तिसरी कचेरी उघडणार होती आणि तिथेही ‘रेडीसारखंच’ करायचं ठरत होतं. तिन्ही ठिकाणांचा प्रमुख म्हणून अ‍ॅलनचं नाव भाईंनी वर पाठवलं होतं. आणि अहवालाच्या दुसऱ्या पानावर, सातव्या ओळीत, अ‍ॅलनने स्वतःच्या हाताने, बऱ्यापैकी खूश होऊन, लिहिलं होतं : माहिती आपोआप येत असल्यामुळे पुढच्या हंगामापासून रेडी येथील ऑपरेटरचं पद ठेवण्याची गरज नाही. रेडी येथील ऑपरेटर म्हणजे आनंदी. ते पान घडी करून त्याने खिशात घातलं आणि मोटरसायकल काढली.

रेडीचा रस्ता त्याला पाठ होता, पण आज रस्ता त्याला ओळख देईना. डोकं मागे मागे जात होतं, त्या पहिल्या दिवशी. दसऱ्यानंतरचा दुसरा दिवस, पावसाने नुकतीच पाठ फिरवलेली, काट्याच्या खोलीत नवा राऊटर, त्याच्यावर कोणीतरी झेंडूची माळ घातलेली. दाजींनी नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. काम कसलंही असो, बोट पाण्यात लोटायची असो की नवं चाक बसवायचं असो, दाजींच्या तोंडून गाऱ्हाणं पडल्याशिवाय रेडीच्या काट्यावर ते सुरू होत नसे. दाजी सत्तरीचे, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ह्या जा काय तारेतला भुयार खणल्यान आसा, तेका खंड पडूक देव नको. ह्यो किरिस्तांवाचो झील, तरी आमचोच आसा, तेच्या हाताक येस दी. हयचा थय आणि थयचा हय, सगळा बिनबोभाट पावता कर रे म्हाराजा.’ आणि काट्यावरचे हमाल, ड्रायव्हर, आनंदी, सगळे एका सुरात : ‘व्हय म्हाराजा!’ अ‍ॅलनच्या अंगावर काटा आला होता. आपलं नाव देवळात निघालं याचा, खरं तर देवळाबाहेरच्या माणसाला जास्तच आनंद होतो. भुयारातून पहिला ट्रक सावंतवाडीला पोचला, तिथून सत्यवतीचा फोन आला, ‘पावलो!’, आणि टाळ्या झाल्या. इथपर्यंत सगळं खरं. पुढची दहा मिनिटं मात्र अ‍ॅलनने आजवर आठवली नव्हती, कारण त्यांत आठवण्यासारखं काही नव्हतं. भाई म्हणाले होते, अरे, एवढं इंटरनेट आलंय तर इथल्या कॉम्प्युटरवर मॅच बघता येईल असं करून दे की, बंदरावर आलो म्हणजे वेळ जात नाही. भाईंना नाही कसं म्हणायचं, आणि तेही हार घालून घेतल्यावर. अ‍ॅलनने उभ्या-उभ्या, तोंडात प्रसादाचा नारळ, एका हाताने दोन ओळी टाकल्या. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर राऊटरने दारातच नवा, बाहेरचा पत्ता चिकटवायचा. तिसरी ओळ लागते : भुयाराने जाणाऱ्यांना तो चिकटवू नकोस. ती तिसरी ओळ नारळाबरोबर गिळली गेली. सावंतवाडीची हाक रेडीला नीट पोचत राहिली, आणि रेडीचं प्रत्येक उत्तर दारातच भलता पत्ता लावून बाहेरच्या जगात, कुणाच्याच नसलेल्या दिशेला, निघून जात राहिलं. भाईंनी मॅच मात्र पाहिली.

आणि याहून वाईट एक गोष्ट त्याला शिरोड्याच्या वळणावर आठवली. इतकी वाईट, की त्याने गाडी कडेला घेतली आणि उगाच हेल्मेट काढून हातात धरलं. राऊटरने सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात हाक मारणारा प्रोग्राम केकाटायला लागला होता, उत्तर येत नाही, उत्तर येत नाही. दिवसभर तो बारीक आवाज. पण पडद्यावर ट्रक तर येत होते! तेव्हा अ‍ॅलनने डोकं चालवलं, आणि ठरवलं की आकडे खरे म्हणजे अलार्म खोटा. त्याने अलार्मचा आवाज बंद केला. बंद केल्यावर सत्यवतीकडे वळून म्हणालेला, ‘बघ, मिटलो मू तरास?’ सत्यवतीने मान खाली घालून ‘व्हय’ म्हटलं होतं. रिसीव्हर खांद्यावर धरून.

रेडीत सगळं लाल. रस्ता, काजूची पानं, कुत्री, माणसांच्या भुवया. खनिजाची धूळ दारं-खिडक्या मानत नाही. आनंदीच्या साडीचे काठ मूळचे कोणत्या रंगाचे होते ते तिच्या नवऱ्यालाच ठाऊक, आणि तो शिरोड्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला गेलेला. तोंडाला रुमाल बांधून ती काट्याच्या खोलीत उभी होती. अ‍ॅलनला बघून तिने रुमाल खाली केला, आणि रुमालाखालचं तोंड तेवढं गोरं निघालं.

‘कित्याक?’ तो म्हणाला. वाटेत त्याने बरंच जुळवलं होतं, पण तोंडात एवढंच आलं. ‘कित्याक गो सांगूक नाय माका?’

‘कोणी सांगाचा?’ आनंदी म्हणाली. ‘दाजीन गाऱ्हाणा घातल्यान. भुयाराक खंड पडूचो नाय म्हणान. आणि दुसऱ्याच दिवशी बंद! ता तोंडान बोलाचा कोणी? म्हाताऱ्याचो शब्द पडलो असतो रे. आतापर्यंत तेचा एक गाऱ्हाणा फुकट जावक नाय. मी म्हटलंय, दोन दिसांत होयत सुरू आपोआप, तोपर्यंत फोनान सांगू. मगे दोनाचे चार झाले.’

‘चाराचे साडेपाच महिने झाले.’

‘तू इचारलंस कधी?’

अ‍ॅलनला म्हणायचं होतं, विचारत होतो. दर मिनिटाला विचारत होतो.

‘आणि तू मरे कसो गेल्लंस हयसून, मोटरसायकलीर बसान! मान अशी वर. आमका वाटला, पोराचा जल्मात पयल्यांदा कायतरी झाला. तेका कसा सांगाचा, तुजा झाला नाय म्हणान.’ मग तिने नजर जराशी बाजूला घेतली, आणि माणूस जे खरं सगळ्यात शेवटी सांगतं ते सांगितलं. ‘आणि सत्यवतीवांगडा बोलूक गावता रोज सकाळी. हय कोण आसा बोलूक? हे ड्रायव्हर?’

तर हिशेब असा होता. पूर्ण दया नव्हती, पूर्ण लबाडीही नव्हती. म्हाताऱ्याची अब्रू थोडी, पोराचा मान थोडा, रोज सकाळची वीस मिनिटांची मैत्रीण थोडी. अ‍ॅलनने एकेकाचं नाव घेऊन बघितलं. आनंदीला ठाऊक, सत्यवतीला ठाऊक, चहावाल्याला ठाऊक असणार कारण तो फोनच्या वेळी चहा आणून ठेवतो, ड्रायव्हरांना ठाऊक. बार्जवरच्या माणसांनाही ठाऊक. काट्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याबद्दल खात्री देता येत नव्हती. एकटा तो, भुयार खणणारा, त्याला ठाऊक नव्हतं. आणि दाजी? दर खेपेला दाजी विचारायचे, ‘भुयार चलता मू रे?’, तो ऐटीत म्हणायचा, ‘एकदम बेस्ट, दाजी!’, आणि आनंदी त्या क्षणी समुद्राकडे बघायला लागायची. त्याला वाटायचं, बार्ज मोजते.

दाजी बाहेर स्टुलावर बसले होते. आज त्यांनी भुयाराचं विचारलं नाही. काट्यावर चढणाऱ्या ट्रकाकडे बघत ते म्हणाले, ‘माका दुसऱ्या दिवशीच कळला रे. पण ही चेडवां माजो शब्द राखतत, तेंका कसा सांगू माका कळला म्हणान?’

अ‍ॅलनने आत येऊन तिथल्या राऊटरची तीच खिडकी उघडली. इथेही दोन रकाने, आणि त्यांत तेच आकडे, फक्त उलटे. सावंतवाडीहून आलेली : तीस हजार तीनशेवर. सावंतवाडीला गेलेली : शून्य. इथून बघितलं तर सगळं येत होतं. एकही हाक चुकली नव्हती. गप्प बसली होती ती रेडी. सकाळपासून आपल्याला काही येत नाही या धक्क्यात तो होता. उलट्या बाजूने हाच तक्ता असा दिसतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मग त्याने तिसरी ओळ टाकली. सतरा शब्दसुद्धा नव्हते. तक्ता पुन्हा विचारला. गेली एक. गेली दोन. ‘चालू झाला?’ आनंदीने विचारलं, आणि त्या विचारण्यात आनंद अगदीच थोडा होता. ‘मगे आता फोन नको करूक सत्यवतीक?’

खिशातलं पान मांडीला टोचत होतं. आता अहवालातलं प्रत्येक वाक्य खरं झालं होतं. टनेल चालू आहे. माहिती आपोआप येते. ऑपरेटरची गरज नाही. कोणी काही म्हणू शकलं नसतं. पाच वाजायला पुष्कळ वेळ होता. आनंदीने त्याच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला, कडेला लाल बोटांचे ठसे. तेवढ्यावरून काही ठरतं असं नाही, पण त्याने रेडीच्या फोनवरून भाईंना लावलं, तिच्यासमोरच, कारण एकट्याने तो फोन त्याच्याकडून झाला नसता.

‘भाई, रेडीचं टनेल साडेपाच महिने बंद होतं.’

‘बंद कसं? आकडे येतायत की रोज.’

‘माणसं पाठवत होती. रेडीची बाई फोनवर वाचायची, सत्यवती टाइप करायची. चूक माझी होती, भाई. त्या दिवशी इंटरनेट उघडून देताना एक ओळ राहिली. अलार्म आला होता, तो मीच बंद केला.’

पलीकडे भाई काहीतरी मोजत होते, ते फोनमधूनही कळलं. ‘आणि आकड्यांत चूक?’

‘साडेपाच महिन्यांत चार ट्रक. तेही सुधारलेले.’

‘चार,’ भाई म्हणाले. ‘मशीनपेक्षा बरं की रे.’ मग आवाज बदलला. ‘हे मला का सांगतोस? आता चालू झालंय ना?’

‘अहवालातली सातवी ओळ काढायची आहे. रेडीचं पद ठेवायला हवं. टनेल पुन्हा पडेल तेव्हा कुणीतरी लागेल.’

‘आणि तिन्ही ठिकाणांचा प्रमुख म्हणून तुझं नाव? ते कसं ठेवू मी आता?’

‘नका ठेवू.’

‘शुक्रवारी ये, बघू,’ म्हणून भाईंनी फोन ठेवला. आनंदीने चहाचा रिकामा ग्लास उचलला आणि पुन्हा भरून आणला, त्याने मागितला नसताना.

आरोंदा वाटेवर नव्हतं, थोडं आडवं पडत होतं. सहा वर्षं ते तसंच आडवं पडत आलं होतं. घरापुढची भट्टी थंड, तोंडावर पत्रा लावलेला, पत्र्यावर दुधीचा वेल. याच भट्टीसमोर सहा वर्षांपूर्वी, अ‍ॅलनने पदेराचा, पाव भाजायचा, धंदा करणार नाही, म्हापशाला कॉम्प्युटरचा कोर्स करणार असं सांगितलं तेव्हा, बापाने लाकडी फावड्यावरून नजर न काढता म्हटलं होतं, ‘हाताक पीठ लागूक नको, मगे भट्टीतलो पाव बरो कसो चलता?’ एवढंच. त्यावर अ‍ॅलन काही बोलला नाही, आणि ते न बोलणं हे त्याचं उत्तर सहा वर्षं टिकलं. आता त्याने मनाशी तयारी केली होती. सगळं ठाऊक होऊन तो आला होता. बापाने त्याला कधीच काही सांगितलेलं नाही, आईने ते अंदाजाने भरलं, हे तो पचवूनच फाटकाशी उभा राहिला. आजच्या दिवसात आणखी एक शून्य, त्याने काय होणार.

लुईस आल्मेदा व्हरांड्यात आरामखुर्चीवर होता. गुडघ्यावर फडकं बांधलेलं. मुलाला बघून तो दचकला नाही.

‘इलंस,’ तो म्हणाला. सहा वर्षांतला पहिला शब्द, आणि जणू दुपारी जेवायला उशीर झाला होता इतकाच. ‘बरा झाला. तेल सपला.’

‘कसला तेल?’

‘गुडघ्याचा. तू धाडतंस ता.’ बापाने खुर्चीखाली हात घालून एक रिकामी बाटली काढून पायरीवर ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. लेबलं तेलाने भिजून पुसलेली. ‘आवय गेल्यापासना तू धाडूक नाय. मी म्हटलंय, कामात आसतलो.’

अ‍ॅलनने कधीही तेल पाठवलं नव्हतं. बापाचा गुडघा दुखतो हे त्याला ऐकून माहीत होतं, जसं तालुक्याच्या ठिकाणी पाणीटंचाई आहे हे माहीत असतं. आणि त्याला आता आईची मंगळवारची पिशवी दिसली. येताना पाव, आणि जाताना तळाशी काहीतरी कागदात गुंडाळलेलं. एकदा त्याने विचारलंही होतं, ‘काय गो ता?’ ‘काय नाय, तेल.’ त्याने पुढे विचारलं नव्हतं.

‘पयलीच बाटली इली तेव्हा मी तिका म्हटलंय, माका नको तेचा तेल,’ बाप सांगत होता. इतकं सलग त्याला बोलताना अ‍ॅलनने लहानपणीही ऐकलं नव्हतं. ‘तर म्हणता कशी, झिलान मुद्दाम इचारून घेतल्यान, पापाचो गुडघो कसो आसा म्हणान. दर खेपेक इचारता. मगे मीय म्हटलंय, पोर पयला बोलला, आता आपण कित्याक धरून ऱ्हवायचा. मगे मी सांगी तिका. दर मंगळवारी सांगी. झिलाक सांग, पंख्याखाली निजा नको, भट्टीतसून घामान उठान वाऱ्याक गेलंय म्हणानच माजो गुडघो गेलो. सांगल्यान मू तिणा? पावला मू तुका?’

‘पावला,’ अ‍ॅलन म्हणाला. व्हरांड्याचा खांब हाताला थंड लागला. पंख्याखाली निजू नको. ते वाक्य बापाचं होतं. सगळीच होती कदाचित. दर मंगळवारी, सहा वर्षं, एकही खेप न चुकवता, इकडून येत होतं. शून्याचा रकाना दुसराच होता, त्याचा स्वतःचा. आईने तोच अंदाजाने भरला होता, आणि इतका नीट, की त्यातून खरं उगवून आलं होतं. आता ती नव्हती, आणि त्या रकान्यात काय घालायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तेल कुठल्या दुकानातलं तेही ठाऊक नव्हतं. दुकानाचं नाव बापाला विचारलं तर सगळंच उघडं पडलं असतं. त्याने एक बाटली उचलून हुंगली. सत्यवतीला माहीत असेल. बाजारात कोणालाही माहीत असेल, वासावरून.

तो पायरीवर बसला. आयुष्यात खरोखरच पहिल्यांदा, त्याने विचारलं.

‘गुडघो कसो आसा, पापा?’

म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं, पण रागाने नव्हे. सवयीच्या गोष्टीला माणूस करतं तसं.

‘दुसरा कायतरी इचार रे,’ तो म्हणाला. ‘सहा वर्सां ह्याच इचारतंस.’